‘येतं सगळं, पण सुरूच होत नाही’ : एसई कॉम्पच्या एका मुलीची केस

ही केस माझ्या जीएफएम बॅचमधल्या (मी त्या बॅचची पालक-शिक्षक) एका मुलीची आहे, जिला कॉलेजात येऊन एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि काम सुरू करणं अवघड करणाऱ्या त्रासाचं, निदान झालं. तिला विचारूनच लिहितेय, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत. पुण्यातलं इंजिनिअरिंग कॉलेज, कॉम्प्युटर ब्रँच, सेकंड इयर, वय १९. मूळची धाराशिव जिल्ह्यातली, वडील झेडपीच्या शाळेत शिक्षक, आई घरी, लहान भाऊ आठवीत.

जीएफएम म्हणून माझ्याकडे जी शीट असते त्यात ही मुलगी सगळीकडे लाल दिसत होती. एफईचा (फर्स्ट इयरचा) एम-२ म्हणजे गणिताचा बॅकलॉग, अटेंडन्स ७५ च्या बरीच खाली त्यामुळे डिफॉल्टर लिस्टला नाव, एक्झाम फॉर्म दोनदा लेट फीने भरलेला, आयकार्ड हरवून डुप्लिकेट काढलेलं आणि तेही हरवलेलं. स्टाफरूममध्ये तिच्याबद्दलचं मत ठरलेलं होतं, हुशार आहे पण सीरियस नाही. आणि त्याच वेळी डेटा स्ट्रक्चर्सच्या प्रॅक्टिकलला मी तिला लिंक्ड लिस्ट उलटी करायला सांगितली तर तिने माझ्यासमोर, पुस्तक न बघता, दहा मिनिटात कोड चालवून दाखवला, बॅचमधल्या टॉपर मुलांना तिथे अर्धा तास लागला होता. पण असाइनमेंटचे राईट-अप बघितले तर अकरापैकी तीनवर सही, बाकी लिहिलेच नाहीत. चालू कोड पेनड्राइव्हमध्ये तयार आहे, फक्त चार पानं लिहून सही घ्यायचीय आणि ती महिनाभर घेतलेली नाही, हे आळसाने होत नाही असं मला तेव्हाच वाटलं, कारण आळशी मुलं आधी कोडच लिहीत नाहीत.

तिला बोलावून विचारलं तर ती आधी नेहमीचं बोलली, सॉरी मॅडम, पुढच्या आठवड्यात करते. मी म्हटलं ते राहू दे, मला फक्त काल संध्याकाळी पाचनंतर काय काय केलंस ते सांग. मग जे सांगितलं ते असं, की पाचला रूमवर गेली, राईट-अप लिहायला बसली, पेन सापडेना म्हणून बॅग उपसली, बॅगेत जुनं बिल सापडलं ते भरायचं राहिलंय म्हणून फोन घेतला, फोनवर कॉलेजच्या फेस्टच्या ग्रुपवर वेबसाईटचं काहीतरी अडलेलं होतं ते सोडवत बसली आणि पहाटे तीनला उठली तेव्हा वेबसाईट पूर्ण झालेली होती, राईट-अपचं पान कोरं. ‘मॅडम, मला येतं सगळं, पण सुरूच होत नाही. बसते मी, खरंच बसते. तास-तास बसते.’ आणि हे बोलताना ती रडायला लागली, म्हणाली मी लातूरला अशी नव्हते.

लातूरचं नाव आल्यावर मला ही केस कळायला लागली. अकरावी-बारावी ती लातूरला होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लातूर पॅटर्न म्हणजे दिवसाचा तास न तास दुसऱ्याने ठरवलेला. सकाळी क्लास, मग कॉलेज, परत क्लास, ठरलेल्या दिवशी टेस्ट, टेस्टचा पेपर तपासून हातात, चुकलेली उदाहरणं परत सोडवून दाखवायची. वरून तिची आई गाव सोडून तिच्यासोबत खोली करून राहिलेली, मराठवाड्यातल्या कितीतरी आया असं करतात. डबा, कपडे, झोप, उठवणं, टेस्टची तारीख, हॉलतिकीट सगळं आईकडे. दोन वर्षं या मुलीला ‘आता पुढे काय करायचं’ हे एकदाही स्वतः ठरवावं लागलं नाही, आणि त्यामुळे सीईटीला मार्कही उत्तम पडले. मग प्रवेशाच्या कॅप राउंडला पुण्यातलं चांगलं कॉलेज, कॉट बेसिसवर चौघींची रूम, मेसचं जेवण, आणि कुणीच काही विचारत नाही. घराच्या भिंतीला लावलेला टेकू काढल्यावर भिंत किती कलली होती ते दिसतं, तसं झालं. मुलगी बिघडली नव्हती, शहराचं वारं वगैरे काही लागलं नव्हतं. तिचा त्रास आधीपासून होता, फक्त दुसरी माणसं तो उचलून धरत होती.

कॉलेजला आठवड्यातून ठराविक दिवशी काउन्सेलर येतात त्यांच्याकडे पाठवलं. त्यांनी डब्ल्यूएचओची एएसआरएस नावाची मोठ्यांसाठीची एडीएचडीची प्रश्नावली भरून घेतली, एकूण १८ प्रश्न असतात, त्यातले पहिले सहा चाळणीसाठी. चाळणीत ती स्पष्ट बसत होती. पण हे लक्षात ठेवा की प्रश्नावली म्हणजे निदान नाही, इन्स्टाग्रामवर पाच रील्स बघून स्वतःला एडीएचडी आहे म्हणणारी मुलंही हल्ली भेटतात आणि त्यातल्या काहींचा खरा त्रास झोपेचा किंवा चिंतेचा निघतो. त्यामुळे पुढे सायकियाट्रिस्टकडे.

डॉक्टरांनी घाई केली नाही हे मला फार आवडलं. आधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन. हिमोग्लोबिन कमी निघालं, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या, थकवा कमी झाला पण राईट-अप काही लिहून झाले नाहीत. झोपेचं विचारलं, डिप्रेशनचं विचारलं, घरात कुणाला हृदयाचा त्रास आहे का विचारलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लहानपणीचं काही दाखवा म्हणाले. कारण डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तकाप्रमाणे १२ वर्षांच्या आधीपासून काही लक्षणं असायला लागतात आणि ती एकाच ठिकाणी नाही तर शाळा, घर अशी किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. १७ वर्षं आणि त्यापुढे यादीतली पाच लक्षणं पुरतात, लहान मुलांना सहा लागतात. आईने घरी ट्रंक उघडून तिसरी ते सहावीची प्रगतिपुस्तकं काढली, फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले. शेरे वाचले तर दरवर्षी तेच, वह्या अपूर्ण, वर्गात लक्ष नसते, वस्तू हरवते, हुशार आहे पण प्रयत्न कमी पडतात. चार वेगवेगळ्या बाईंनी चार वर्षं तेच लिहिलं होतं आणि कुणालाच काही वाटलं नव्हतं, कारण मुलगी गप्प बसायची. वर्गात धावणारा, ओरडणारा मुलगा लगेच नजरेत भरतो, खिडकीबाहेर बघत शांत बसलेली मुलगी कुणालाच त्रास देत नाही. म्हणून मुलींमधला हा लक्ष न लागण्याचा प्रकार लहानपणी सुटून जातो आणि कॉलेजात येऊन उघडा पडतो. निदान तेच झालं, एडीएचडी, लक्ष न लागण्याचा भाग जास्त असलेला, सोबत थोडी चिंता.

आता घरी सांगायचं. ती सज्ञान आहे, २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे, त्यामुळे तिच्या परवानगीशिवाय मी घरी एक शब्द बोलणार नव्हते. आईला प्रगतिपुस्तकं मागितली तेव्हा ‘डॉक्टरांना हवीयेत, नंतर सांगते’ एवढंच तिने सांगितलं होतं. मग तिनेच ठरवलं की सांगायचं आणि माझ्यासमोर सांगायचं. आई-वडील दोघं आले. वडिलांचं पहिलं वाक्य, ‘मॅडम, म्हणजे मेंदूच्या गोळ्या का? उद्या लग्नाच्या वेळेला कुणाला कळलं तर?’ मला या प्रश्नाचा राग आला नाही, गावाकडे मुलीच्या बापाला हीच भीती असते आणि ती खोटी नसते. आई मात्र म्हणाली, ‘लेकरू लहानपणापासून असंच हाय मॅडम, मी उठवलं तर उठतं, मी बसवलं तर बसतं. मला वाटायचं माझ्याच लाडानं झालंय.’ तिला डॉक्टरांनी समजावलं की यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, जुळ्यांवरच्या अभ्यासात तो साधारण ७० ते ८० टक्के येतो, लाडाने होत नाही, मोबाईलनेही होत नाही, मोबाईलने फक्त त्रास वाढू शकतो. वडील बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले की माझं बीएड दोनदा राहिलं होतं, अभ्यास येत होता, पाठाच्या वह्याच पूर्ण व्हायच्या नाहीत. त्यानंतर लग्नाचा विषय त्यांनी काढला नाही.

गोळीबद्दल जरा नीट लिहिते कारण यावर गैरसमज खूप आहेत. तिला मिथाईलफेनिडेट सुरू झालं, कमी डोसपासून, बीपी-नाडी तपासून, नंतर दिवसभर पुरेल असा प्रकार. हे औषध मेंदूत डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिन ही रसायनं जास्त वेळ उपलब्ध ठेवतं. एडीएचडीमध्ये लांबचं बक्षीस, म्हणजे डिसेंबरची परीक्षा, आत्ता या क्षणी काही खेचत नाही, समोरचं काम मात्र लगेच खेचतं, मग ते फेस्टची वेबसाईट असो नाहीतर जुनं बिल. औषधाने ही ओढ थोडी आवाक्यात येते. तिच्या शब्दात, ‘पेन सापडलं नाही तर दुसरं घेते आणि लिहायला लागते.’ एवढंच. गोळीने डेल्ड (डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सचा विषय) समजत नाही, डिस्क्रीट मॅथ्सही समजत नाही. त्रासही होते, दुपारी भूक मरायची, मेसला नुसतं ताट फिरवून उठायची, वजन उतरायला लागलं. मग गोळीच्या आधी पोटभर नाष्टा आणि रात्रीचं जेवण नीट असं बसवलं, दुपारी शेंगदाणे-केळं काहीतरी. गोळी उशिरा घेतली की रात्री झोप नाही, म्हणून सकाळची वेळ पक्की.

अजून एक गोष्ट. हे औषध एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आहे, चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि सगळ्या मेडिकलवाल्यांकडे नसतंही. परीक्षेच्या आदल्या रात्री रूममेटने एक गोळी मागितली, जागायला बरी म्हणून. तिने दिली नाही आणि मला येऊन सांगितलं. मुलांनो, दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची ही गोळी घेणं गुन्हा तर आहेच पण हृदयाचा त्रास असेल तर जिवावर बेतू शकतं, कृपया नका करू.

गोळी सुरू झाली तोवर तिसरं सेम संपत आलं होतं. डिस्क्रीट आणि डेल्ड दोन्ही राहिले. म्हणजे एम-२ धरून तीन बॅकलॉग डोक्यावर घेऊन ती चौथ्या सेममध्ये आली, आणि खरं काम तिथे झालं.

आधी काय चाललं नाही ते सांगते. टाइमटेबल चाललं नाही. प्लॅनर ॲप चाललं नाही, नोशनवर तिने चार तास बसून रंगीबेरंगी सुंदर डॅशबोर्ड केला आणि परत कधी उघडला नाही. अलार्मही चालले नाहीत, वाजले की हात आपोआप बंद करतो. या सगळ्यात एक गोष्ट सारखी आहे, ते सगळं तिने एकटीने स्वतःवर लादायचं होतं, आणि तिची अडचण नेमकी तीच आहे. मग आम्ही तिघींनी, म्हणजे ती, काउन्सेलर आणि मी, उलट्या बाजूने विचार केला की लातूरला जे बाहेरून मिळत होतं त्यातलं काय काय परत बाहेर उभं करता येईल, फक्त या वेळी आईने नाही तर तिने स्वतः उभं करायचं.

पहिली गोष्ट अभ्यासिका. पुण्यात हे आयतं आहे. सदाशिव पेठ, नारायण पेठ भागात एमपीएससीवाल्यांच्या अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत, ठराविक खुर्ची, ठराविक टेबल, आजूबाजूला मान खाली घालून बसलेली तीस-चाळीस मुलं. तिथे शेजारच्या मुलाने तुमच्याशी एक शब्द बोलायची गरज नसते, तो बसलाय एवढंच पुरतं. एडीएचडीवाल्यांना दुसरं माणूस शेजारी काम करत असलं की सुरुवात करणं सोपं जातं हा अनुभव जगभरची मुलं सांगतात, आपल्याकडे त्यासाठी वेगळं काही शोधायला नको. फोन गेटजवळच्या कप्प्यात. आणि नियम एकच, मेसमधून जेवून निघालं की सरळ अभ्यासिका, रूमवर पाय ठेवायचा नाही. ‘अमुक झालं की तमुक करायचं’ अशा रीतीने आधीच बांधून ठेवलेला निर्णय ‘आज अभ्यास करेन’ पेक्षा जास्त पाळला जातो, यावर मानसशास्त्रात पुष्कळ काम झालेलं आहे. तिच्या बाबतीत तर रूमवर गेली की दिवस संपला हे पक्कं होतं, त्यामुळे निर्णय रूमच्या आधीच व्हायला हवा होता.

दुसरी गोष्ट एक मैत्रीण, तिच्याच बॅचमधली. रोज संध्याकाळी तिला एक फोटो पाठवायचा, पूर्ण झालेल्या कामाचा नाही, सुरू केलेल्या पानाचा. तारीख आणि पहिल्या दोन ओळी लिहिलेलं पान. बास. काउन्सेलर मॅडमची ही कल्पना, आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त उपयोग हिचा झाला, कारण पूर्ण करण्याचं ओझं काढून टाकलं की ती सुरू करायची आणि एकदा सुरू झालं की तिचं थांबत नाही, तिला थांबवावं लागतं.

तिसरी गोष्ट माझ्या हातातली होती. आमच्याकडे पद्धत अशी की सेमच्या शेवटी सबमिशनचा आठवडा येतो आणि पोरं रात्र-रात्र जागून दहा-दहा राईट-अप खरडतात. मी माझ्या लॅबला बदललं, प्रॅक्टिकलची शेवटची पंधरा मिनिटं राईट-अपची, पहिलं पान लॅबमध्येच लिहायचं आणि पुढच्या प्रॅक्टिकलला आधीच्याची सही, नंतर नाही. हे फक्त तिच्यासाठी केलं असतं तर वर्गात बोभाटा झाला असता म्हणून अख्ख्या बॅचला लावलं. सेमच्या शेवटी ज्यांचं सबमिशन राहिलं अशी मुलं माझ्या बॅचमध्ये जवळजवळ उरली नाहीत, त्यात एडीएचडी नसलेली कितीतरी. मोठ्या माणसांमध्ये एडीएचडीचं प्रमाण साधारण अडीच टक्के धरतात, म्हणजे प्रत्येक डिव्हिजनमध्ये एक-दोन मुलं अशी असणारच, निदान झालेलं असो नसो. त्यांच्यासाठी डेडलाइन लहान करा, हे मी सहकाऱ्यांना कळकळीने सांगते, त्याला पैसा लागत नाही आणि परवानगीही लागत नाही.

कारण परवानगीच्या मार्गाने फार काही मिळत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटी आहे, ऑटिझम आहे, एडीएचडी वेगळा दिलेला नाही. लर्निंग डिसॅबिलिटी सोबत असते पुष्कळांना, म्हणून ती तपासणीही करून घेतली, तिला ती नव्हती. त्यामुळे जादा वेळेचा प्रश्नच आला नाही. हे मला चुकीचं वाटतं आणि बदलायला हवं असं ठाम मत आहे, पण तोवर पेपर आहे त्या वेळेतच लिहायचाय.

तर पेपर. एंड-सेम ७० मार्कांचा, अडीच तास, प्रश्न १ किंवा २, ३ किंवा ४ असे चार सोडवायचे. तिच्या जुन्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवून बघितली तर पहिल्या प्रश्नाला नऊ पानं, शेवटचा कोराच, आणि मधल्यात बी चा उपप्रश्न वाचलाच नव्हता. म्हणून काटे असलेलं मनगटी घड्याळ घ्यायला लावलं, डिजिटलवर आकडा दिसतो पण वेळ किती उरली ते तिला जाणवत नाही, काट्यांवर जागा दिसते. प्रत्येक प्रश्नाला ३५ मिनिटं, संपली की वाक्य अर्धं असलं तरी पुढचा प्रश्न, म्हणजे शेवटी दहा मिनिटं उरतात राहिलेले उपप्रश्न शोधायला. अभ्यासिकेत जुने पेपर असेच घड्याळ लावून सोडवले, सुरुवातीला तिला अर्धं वाक्य सोडणं अजिबात जमायचं नाही, चिडायची.

सगळं सरळ झालं असं नाही. पीएल, म्हणजे परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्ट्या, लागल्या आणि ती गावी गेली, आई म्हणाली घरी ये, खाणंपिणं तरी होईल. घरी अभ्यासिका नाही, फोटो पाठवणं थांबलं, आणि गोळ्या संपल्या त्या तालुक्याच्या कुठल्याच मेडिकलला मिळाल्या नाहीत. पीएलचे पहिले दहाएक दिवस वाया. मग वडील स्वतः तिला एसटीत बसवून पुण्याला सोडायला आले, म्हणाले हिचं इथंच बरं चाललंय. आता गावी जायच्या आधी गोळ्या मोजणं हे कपाटाच्या आत चिकटवलेल्या कागदावर लिहिलेलं आहे, आणि डॉक्टरांची पुढची तारीखही तिथेच.

निकाल असा. चौथ्या सेमचे पाचही विषय निघाले, एम-३ अगदी काठावर. एम-२ आणि डिस्क्रीट निघाले, डेल्ड अजून आहे. वायडी, म्हणजे वर्ष वाया जाणं, टळला. अटेंडन्स अजूनही डगमगते, सकाळी साडेआठचं लेक्चर तिचं अजून जमत नाही आणि त्यावर आम्ही काम करतोय. वस्तू अजून हरवतात. चिंतेसाठी काउन्सेलरकडे जाणं चालू आहे, विशेषतः ‘मी आधीची वर्षं फुकट घालवली’ हे जे तिच्या डोक्यात बसलंय त्यावर. कुणाला जवळपास काउन्सेलर नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

सध्या ती टीईला (थर्ड इयरला) आहे आणि सहाव्या सेमला इंटर्नशिप असते त्याची शोधाशोध झाली. तिला दोन ठिकाणी होकार आला. एक पूर्ण घरून करायचं, वेळ तुमच्या सोयीने, स्टायपेंड जास्त. दुसरं बाणेरला ऑफिसात जायचं, पैसे कमी, बसने दीड तास, पण तिथे रोज सकाळी टीम लीड प्रत्येकाला उभं करून आज काय करणार हे विचारतो आणि संध्याकाळी झालेलं बघतो. वडिलांना पहिली बरी वाटत होती. तिने मला न विचारता बाणेरची घेतली.